दहापैकी नऊ

दोष रादिवोयेचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी तो त्या रात्रीच्या धुक्यावर किंवा आजकालच्या पोरांच्या डोक्यावर ढकलायला नको.

तुम्ही तिघं त्या गेमच्या फुकट चाचणीचा फॉर्म भरताय म्हणे. भरा. पण आधी हे ऐका.

रादिवोये आम्हाला शाळेत संगणक शिकवायचा. म्हणजे फळ्यावर संगणकाचं चित्र काढायचा. पुढं नदीपलीकडच्या एका गेम कंपनीत चिकटला आणि एकदम ‘रादेकाका’ झाला. आम्हा चाहत्यांना तो नवा गेम महिनाभर आधी खेळायला द्यायचा, आणि त्यातल्या चुका आम्ही शोधायच्या. पैशाचं नाव काढलं की, “तुमच्या वयात आम्ही दोन वर्षं फुकट राबलो!” राबला असशील. त्याचा सूड आमच्यावर का?

माझा दोस्त स्त्राहिन्या मात्र खुशीनं करायचा. “ओग्न्येन, जगात कुणी पाहिलं नाही ते आपण पाहतो. तुला नाही कळायचं.” गेममधल्या एकेका भिंतीला तासभर अंग घासत चालायचा, कुठं फट सापडते का बघत. रादेनं त्याला शब्द दिला होता, अजून एक मोठी चूक सिद्ध कर, पगाराची खुर्ची तुझी. त्या शब्दावर या गाढवानं कॉलेज सोडलं. आई बेकरीत रात्रपाळीला, तिला पत्ताच नाही. आणि रादेची मुदत बुधवारी सकाळी आठला संपत होती.

मंगळवार, नोव्हेंबरची बारा तारीख. रात्री साडेबाराला मी त्याच्यासाठी खिमा भरलेला बुरेक आणि प्यायचं दही घेऊन लिमान वस्तीत त्याच्या घरी गेलो. चौथा मजला. दार लावून त्यानं किल्ली आतून कुलपातच ठेवली.

“हे बघ,” तो म्हणाला.

गेममध्ये ओढ्यावर एक पाणचक्की होती. आत जायचं, दार लावायचं, दाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि वीस आकडे मोजायचे. मोजले. दारावर तीन थापा पडल्या.

“झकास आहे की.”

“झकास कसलं, येड्या! हा आवाज कंपनीनं टाकलेलाच नाही.”

फोनच्या स्पीकरवर रादे होताच, कंपनीत जागत बसलेला. “बाळा, एकदा झालं तर भास, दोनदा झालं तर योगायोग. दहापैकी दहा वेळा करून दाखव, मग मी चूक मानतो.”

बघा, ही आमची खोड. शहाणा माणूस असलं काही ऐकून पळतो. चाचणीवाला पुन्हा करून बघतो.

दुसऱ्या वेळी थापा आल्या. तिसऱ्या वेळीही. चौथ्या वेळी हेडफोनमध्ये काहीच नाही. आवाज खालून आला, इमारतीच्या मुख्य दारावरून.

“असेल कुणी, किल्ली विसरलेला,” मी म्हणालो.

“चार,” स्त्राहिन्यानं लिहून घेतलं.

पाचव्या वेळी पहिल्या मजल्यावर. त्या इमारतीचा जिना पोकळ, खाली शिंकलं तरी वर कळतं. सहाव्या वेळी दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या देसांकाबाईंचा कुत्रा भुंकायला लागला. आणि मध्येच गप्प झाला.

“काका, आवाज गेमच्या बाहेर येतोय.”

“बाहेर म्हणजे कुठं?”

“जिन्यात.”

रादे हसला. “फुकट्यांची हीच रड. हेडफोन बदल आणि उरलेल्या चार कर.”

सातवी. तिसरा मजला.

“बंद कर,” मी म्हणालो.

“सात झाल्यात, ओग्न्येन. सकाळी आईला काय सांगू?”

आठवी. आमचंच दार.

मी जाऊन भोकातून पाहिलं. जिना रिकामा. दिवा मात्र लागलेला. बटण दाबल्याशिवाय तो लागत नाही.

खोलीत परत आलो. खोलीचं दार लावलं. मीच लावलं.

स्त्राहिन्यानं वीस मोजले.

खोलीच्या दारावर... तीन थापा. हळू. घरातलं माणूस देतं तशा.

बाहेरचं कुलूप उघडलेलं नव्हतं.



“किती झाल्या?” फोनमधून.

“नऊ.”

“मग थांबलास कशाला? एकच तर राहिली!”

स्त्राहिन्या दाराकडे बघत होता. त्या एकात त्याची खुर्ची होती. आईसमोर उभं राहायचं तोंड होतं. बोट बटणावर गेलं... आणि तिथंच राहिलं. मग त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“दहावी तुम्ही करा, काका. पगार तुम्हाला मिळतो.”

...

“भेकड कार्टी!” रादेची खुर्ची कुरकुरली. त्याच्याकडे गेम सुरू झाला, पाणचक्कीचं दार लागल्याचं ऐकू आलं. तो मोजायला लागला. मोठ्यानं, आम्हाला लाजवायला. “एक. दोन. तीन...”

सतराला थांबला.

“कोण आहे?”

...

“काका?”

...

फोन चालूच होता. चार मिनिटं. श्वास येत होता. तो रादेचा नव्हता असं स्त्राहिन्या म्हणतो. मी काही म्हणत नाही.

सहाला आई परतली तेव्हा आम्ही खोलीचं दार उघडलं. स्त्राहिन्यानं तिथल्या तिथं तिला सगळं सांगून टाकलं. खुर्ची गेली, आईच्या शिव्या मिळाल्या, आता मायलेक एकाच बेकरीत आहेत.

त्याच सकाळी कंपनीतल्या पोरांनी रादेला टेबलाखालून बाहेर काढलं. त्या चुकीची नोंद उघडून पाहिली. दहापैकी दहा. त्याखाली ‘दुरुस्त केले’, वेळ दोन एकेचाळीस. कुणी दुरुस्त केलं, तो रकाना कोरा. तो कोरा ठेवला तर नोंद पुढं सरकतच नाही. त्यांनी नंतर खूप प्रयत्न करून पाहिला.

रादिवोयेनं त्या आठवड्यात घरातली सगळी दारं बिजागऱ्यांसकट काढली. बाहेरचंही. बायको मुलीला घेऊन सुबोतित्साला माहेरी गेली. ती परत आलेली नाही.