बारा रिकामे ट्रॅप

यंत्रमागांच्या गावात, निजामपुऱ्यात, एका मिठाईच्या दुकानावर दिशा केणीचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि पंढरीमामा. मामा तिची रिक्षा चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत चोर पकडायचा. आजवर एकदाही त्याचा चोर बरोबर निघाला नव्हता, पण हौस दांडगी.

त्या सकाळी माजिदा आली. नारपोलीतला सूत रंगवायचा कारखाना ती आणि तिचा धाकटा भाऊ हमजा चालवत.

"सुकवणीच्या खोलीत वाफेवर तापणाऱ्या पाइपांच्या बारा कॉइल आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकीच्या शेवटी एक ट्रॅप. तो पाणी बाहेर सोडतो आणि वाफ अडवतो. काल सर्व्हिसिंगवाल्यानं झाकणं उघडली, तर बाराही आतून रिकामे. सगळं सामान गायब."

"संशय कुणावर?"

"फखरुद्दीनचाचावर. आमचे पस्तीस वर्षांचे फिटर. एरवी ट्रॅपना दुसरं कुणी हात लावत नाही. हमजा विचारतो, तर ते गप्प. आज संध्याकाळी तो त्यांना पोलिसांत देणार आहे." तिनं खुर्ची पुढे ओढली. "पाना कसा धरायचा ते मला चाचांनी शिकवलंय, दिशाताई. ते चोर आहेत हे मला पटतच नाही."

रिक्षाला किक मारतानाच मामानं निकाल दिला. "फिटरच. पितळ इकलं भंगारात."

सुकवणीच्या खोलीत रंगीत सुताच्या लडी टांगल्या होत्या. दिशा एकेका कॉइलजवळ हात नेत शेवटच्या कॉइलपाशी थांबली.

"ही पूर्वी कोमट असायची," हमजा म्हणाला. "दिवाळीपासून सगळ्या सारख्या तापतात. नशीब आमचं."

दिशानं कॉइलच्या सुरुवातीचा जोड निरखला. पाइप गंजलेला, पण जोडावरची पांढरी टेप नवीकोरी. मग ती मागच्या टाकीकडे गेली. कॉइलमधून परत आलेलं पाणी तिथं पडत होतं, नुसतं पाणी. वाफेचा मागमूस नव्हता.

बॉयलरपाशी तो सांभाळणारा केसरीनाथ होता. सुकवणीच्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर लाल रेघ होती.

"चाचानं मारली," तो म्हणाला. "हिच्यावर दाब चढू द्यायचा न्हाय, असं सांगून ठेवलंय. कशाला ते मना म्हाईत न्हाय. पन लाकूड कमी लागतंय, तेवढं खरं हाय."

"ट्रॅप ते कसे तपासतात?"

"स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपला, दांडा कानाला. बरा असला तर टकटक, बिघडला तर सूं. आख्ख्या नारपोलीतनं बोलावणं यायचं त्याला. आता जात न्हाय. गुडघे दुखतात बोलतो."

फखरुद्दीनचाचा अंगणात पाठमोरा बसून कानशीनं काहीतरी घासत होता. मामानं दोनदा हाक मारली. चाचा वळला नाही.

"मग्रूर हाय," मामा पुटपुटला.

रंगाचा वास नाकात जात होता. दिशा तोंडाला रुमाल लावून चाचासमोर बसली. "ट्रॅपच्या कपाटाची चावी कुणाकडे असते?"

"पस्तीस बरस झाली, बेटी."

दिशानं रुमाल खाली घेतला आणि तेच पुन्हा विचारलं.

"माझ्याकडंच."

"सामान तुम्ही काढलंत?"

चाचानं मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"बघ," मामा कुजबुजला, "पयल्यांदा कसं टाळलंन. चोरच."

चार वाजता दिशानं सगळ्यांना सुकवणीच्या खोलीत बोलावलं. वाफ बंद करून, पाइप निवल्यावर तिनं शेवटच्या कॉइलचा सुरुवातीचा जोड उघडायला लावला. आतून पितळेची एक पातळ चकती निघाली. मधोमध मसुराएवढं भोक.

"चोरी झालीच नाही," दिशा म्हणाली. "ट्रॅप आतून रिकामे, मग टाकीतून वाफेचे लोट यायला हवेत. आले नाहीत. कारण बाराही कॉइलमध्ये बसवलेली अशी चकती वाफ आत येतानाच मोजून सोडते. कॉइल जेवढ्या वाफेचं पाणी करू शकते, तेवढीच. मग शेवटी अडवायला वाफ उरत नाही, ट्रॅपची गरजच संपते. आधी जवळच्या कॉइल वाफ खाऊन टाकायच्या, आता शेवटचीलाही वाटा मिळतो. दाब वाढला तर मात्र गणित बिघडेल, म्हणून ती लाल रेघ."

"एवढं चांगलं काम लपवलं कशाला?" हमजा चक्रावला.

"ट्रॅप तपासायला कान लागतो, हमजाभाई. चकतीला लागत नाही, म्हणून त्यांनी ट्रॅपचं सामानच काढून ठेवलं." तिनं चकती हमजाच्या हातात ठेवली. "मामानं मागून हाका मारल्या, चाचा वळले नाहीत. माझे ओठ झाकलेले होते तेव्हा त्यांनी अंदाजानं उत्तर दिलं. ओठ दिसले, तेव्हा बरोबर दिलं. दुसऱ्या गावात हे केव्हाच उघडकीला आलं असतं. इथं यंत्रमागांच्या खडखडाटात सगळेच ओरडतात आणि सगळेच ओठ वाचतात."

चाचा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यानं कमरेची चावी काढून कपाट उघडलं. आतल्या डब्यात बारा ट्रॅपचं सामान तेल लावून, नंबर घालून ठेवलं होतं.

"एक दिवस दांडा कानाला लावला," तो म्हणाला, "काहीच ऐकू येईना. वाटलं, बाराही एका रात्रीत मेले. पहिला खोलून बघितला. ठणठणीत होता. तेव्हा समजलं, बिघाड कुठं आहे. बहिऱ्या फिटरला कोण ठेवतो, बेटी? चोर म्हणालात, पण कान तरी झाकलेला राहिला."

माजिदानं डोळ्यांना ओढणी लावली. हमजाचा आवाज उतरला होता. "पण आपा, बॉयलरजवळ ऐकू न येणारा माणूस चालत नाही. उद्या काही झालं तर?"

"बॉयलर केसरीनाथ बघतो, चाचा तिकडं जाणार नाहीत," माजिदा म्हणाली. मग ती चाचाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "पलीकडच्या शेडमध्ये अजून सोळा कॉइल आहेत. सोमवारपासून तिथं चकत्या बसवायच्या. भोक किती पाडायचं ते मला शिकवायचं. चोरून नाही, माझ्यासमोर."

"पुन्हा सांग, बेटी," चाचा म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. पहिल्याच वेळी त्याला सगळं समजलं होतं, हे या वेळी पंढरीमामाच्याही लक्षात आलं, आणि तो डोळे पुसत रिक्षा काढायला गेला.