हिरवा पुठ्ठा

"कोण आहे? माझ्या दाराशी काय चाललंय?"

मार्लिसनं दार धाडकन उघडलं. समोरच्या खोलीत राहायला आलेला नवा म्हातारा तिच्या दाराच्या मुठीवरचा हिरवा पुठ्ठा हातात धरून जागीच थिजला.

बर्च हेवन या वृद्धाश्रमातला नियमच तो. रात्री प्रत्येकानं दाराच्या मुठीला पुठ्ठा अडकवायचा आणि सकाळी नऊच्या आत काढून घ्यायचा. ज्याचा राहिला त्याची खोली कर्मचाऱ्यांनी किल्लीनं उघडून बघायची — आहे की गेला! असल्या हजेरीचा राग म्हणून मार्लिस तो मुद्दामच काढत नसे. बर्फावर घसरून कंबर मोडली तेव्हा ती घर विकून इथं आली, ती स्वतःच्या मर्जीनं. जेवण आयतं, बर्फ उपसायला नको, हाकेला माणूस, आणि दार मात्र आपलं. पण तेच दार रोज कुणीतरी उघडायचं आणि वर विचारायचं, "उठली का आमची सोनुली?" सोनुली! मिनेसोटाच्या हिवाळ्यात जन्मभर शाळेची बस हाकलेल्या बाईला सोनुली!

"मी... तुमचा पुठ्ठा काढत होतो," तो चाचरत म्हणाला. "त्यांनी तुम्हाला उगाच त्रास देऊ नये म्हणून."

"आणि मी आत मेलेली असते तर?"

"तुम्ही? पहाटेपासून कॉफीच्या मशीनला शिव्या घालताय. सगळ्या मजल्याला ऐकू येतंय."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं... आणि हसलीच.

म्हाताऱ्याचं नाव ऑरिन, आइस हॉकीचा निवृत्त पंच. शिटी अजून खिशात. मार्लिस जेवणाच्या टेबलावर कुणावर भडकली की तो हॉकीतली शिक्षा सुनावल्यासारखा हात वर करायचा, "जास्त रागावलीस. दोन मिनिटं मैदानाबाहेर — माझ्याशेजारी!" ती धुसफुसत खिडकीपाशी जाऊन बसायची. बाहेर बर्फ भुरभुरत असायचा आणि त्या दोन मिनिटांची अख्खी दुपार व्हायची.

"किती गार हात गं तुझे," एकदा तो म्हणाला.

"मग सोडू नकोस ना."

त्यानं सोडले नाहीत.

एव्हाना तिचा पुठ्ठा रोज ऑरिनच काढायचा; एका सकाळी मात्र दोघंही विसरले. कर्मचाऱ्यांनी मार्लिसची खोली उघडली, तर अंथरूण जसंच्या तसं! एकच धावपळ उडाली. बाई सापडल्या समोरच्या खोलीत, ऑरिनचा ड्रेसिंग गाऊन घालून टोस्टला लोणी लावताना. व्यवस्थापक काइलीनं लगेच मार्लिसच्या मुलाला, टॉडला, फोन लावला. टॉड दुपारी डुलुथहून येऊन हजर. ऑफिसचं दार लावून बैठक बसली — मार्लिसबद्दल, मार्लिसला न बोलावता.

ती दार न वाजवताच आत शिरली.

"मार्लिस डार्लिंग, जरा बाहेर थांबतेस का?" काइली गोड हसली.

"का? तुम्ही माझं दार विचारून उघडता?"

"आई, लोक काय म्हणतील?" टॉड कळवळला. "मी माझ्या घराजवळ एक जागा बघितलीय. तिथं नीट लक्ष ठेवतात."

"लक्ष! मी काय परसातली कोंबडी आहे? टॉड, शाळेत असताना तुझ्या खोलीच्या खिडकीतून ती वेंडी उतरली होती. मी तिच्या आईला फोन केला होता का? तुझ्या बापालासुद्धा बोलले नाही!"

टॉड कानापर्यंत लाल झाला.

"इथं राहायचं मी ठरवलं. करारावर सही माझी आहे. आणि डुलुथला..." तिचा आवाज एकदम चिरकला. एवढा वेळ रागानं धरून ठेवलेलं रडू डोळ्यांत आलं. "डुलुथला ऑरिन नाही."

दारात शिटी वाजली. कर्कश्श! सगळे दचकले.

"खेळ थांबवा," ऑरिन म्हणाला. "मार्लिस, मला... मला काही छान बोलता येत नाही. पण माझ्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या मावतात. तू... येशील राहायला?"

"विचारायला एवढा उशीर?" तिनं डोळे पुसले. "हो म्हणते. हो!"

आईला न्यायला काढलेली गाडीची किल्ली टॉडनं परत खिशात टाकली.

"पण नियमाप्रमाणे पुठ्ठा प्रत्येकाचा वेगळा..." काइली पुटपुटली.

मार्लिसनं स्वेटरच्या खिशातून हिरवा पुठ्ठा काढला आणि तिच्या टेबलावर आपटला.

"हा ठेव तुझ्याकडे." तिनं ऑरिनचा हात धरला. "मी जिवंत आहे की नाही, ते यापुढे हा सांगेल."