हवालदार अजून मेला नाही

शलमोन सर खोटं बोलायला घाबरतात. त्यामुळे ही गोष्ट खरी.

गेल्या नोव्हेंबरातली. केडगावातल्या एका शाळेचा हॉल, दिवेलागणीची वेळ.

सर निवृत्त शिक्षक. उभा जन्म पुस्तकांत गेलेला. सत्तरीत पहिल्यांदाच त्यांचं नाटक स्पर्धेत उतरत होतं, आणि आनंदापेक्षा थकवाच जास्त होता. नाटकात बेचाळीसचे भूमिगत क्रांतिकारक एका हवालदाराला गोळी घालतात. मग त्यांचा म्होरक्या प्रेतापाशी उभा राहून म्हणतो, ‘आम्ही माणूस मारला नाही, जुलूम मारला.’ दोन पानांचं स्वगत. सगळं नाटक त्यावर तोललेलं. हे आपल्याला तरी पटतंय का, असं सरांना रोज वाटायचं. पण विचारणार कुणाला?

हवालदाराचं काम करणारा मार्क त्या दिवशी कंपनीत सेकंड शिफ्टला होता. तालमीला नट नसला की त्याच्या जागी रिकामी खुर्ची ठेवायची, ही रीतच.

म्होरक्या झालेल्या करणने खुर्चीवर पिस्तूल रोखलं.

विंगेतून साउंड सांभाळणारा ओंकार तोंडानेच ओरडला, "ठो!"

आणि... धप्प.

अंग कोसळावं तसं. खुर्ची मात्र जागची हलली नव्हती.

"ओंक्या, साउंड लई भारी!" करण हसला.

"मी नुसतं ठो म्हणलो. धप्प माझं न्हाई."

"चला, पुढे घ्या," सर दमलेल्या आवाजात म्हणाले.

करणने तोंड उघडलं... आणि मिटलं.

खुर्चीच्या पायथ्याशी कुणीतरी धापा टाकत होतं.

ओला, घरघरणारा श्वास. थांबायचा... पुन्हा लागायचा.

ओंकारने पंखे बंद केले.

श्वास चालूच.

"बोल रे करण. स्पर्धा परवावर आलीय."

"सर, त्यो अजून मेला न्हाई." करणने पिस्तूल खाली केलं. "जित्या माणसासमोर कसं बोलू हे?"

 सर खाली बसले. तिघंही वाट बघत राहिले.

फार वेळ लागला त्याला.

मग सगळं शांत झालं. तरी करण बोलेना.

"स्वगत काढून टाकायचं का, सर?" ओंकारने हळूच विचारलं.

"ते काढलं तर नाटकात उरतं काय?"

स्पर्धेला मार्क आला. गोळी सुटली, मार्क पडला. झकास पडला. करण पुढे झाला...

गप्प.

प्रेक्षकांत खाकरणं सुरू झालं. सरांनी विंगेतून पहिली ओळ कुजबुजून दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा द्यायच्या आधी त्यांनी वही मिटली.

त्यांनी पडदा पाडायची खूण केली.

मार्क उठला तो भडकूनच. "मी मेलो हुतो ना? मग बोलला का न्हाईस?"

"तू मेलास," करण म्हणाला. "तुझ्या शेजारचा न्हाई."

 रंगमंचावर पुढच्या नाटकाची माणसं सामान आणत होती. टेबलं, दरवाजे, खाट. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

तरीही मधल्या एका जागेला प्रत्येकजण वळसा घालून जात होता...

का, ते विचारायचा सरांना धीर झाला नाही.