न गोठणारं रक्त

हृदयविकाराच्या झटक्याने माणूस गेला, असं मिरजेत गेल्या नऊ वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. ही किमया प्रवाहकांची. प्रवाहक म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवंत पेशी. रक्तात कायमच्या राहायच्या आणि गुठळी दिसली की विरघळवायच्या. चाळिशी उलटली की सरकार ते सगळ्यांनाच टोचत असे. कापलं-खरचटलं तर लेप लावायचा, एवढंच पथ्य.

प्राजक्ताताई इंगवले या प्रवाहकांच्याच जिवावर जगल्या होत्या. दहा वर्षांपूर्वी, प्रवाहक अजून नवे असताना, त्यांच्या हृदयाच्या धमनीतला अडथळा काढायला नळीतून फुगा घालून फुगवताना गुठळी फुटली, तुकडे पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकले. डॉ. मोहसीन मुल्लांनी त्याच नळीतून प्रवाहक सोडले आणि बंद पडत चाललेलं हृदय सावरलं.

आज त्यांची लेक ईरा सकाळी बाळंत झाली. मुलगी झाली, पण ईराचा रक्तस्राव थांबेना. मायलेकींचा रक्तगट फार दुर्मीळ, बॉम्बे गट; त्याला त्याच गटाचं रक्त लागतं.

“माझं घ्या की!” ताईंनी बाही वर सारली.

“ताई, तुमच्या रक्ताबरोबर प्रवाहकही तिच्यात जातील,” डॉ. मुल्ला म्हणाले. “जखमेवर जी थोडी गुठळी धरतेय, तीही ते विरघळवतील.”

“मग गाळून घ्या.”

“गाळता येत नाहीत. शरीराला परके वाटू नयेत म्हणून आम्हीच त्यांना रक्तपेशींसारखं घडवलं.”

“मारायचं औषध असेल?”

“ते कधी लागेल असं वाटलंच नाही.”

“दुसरे दाते?”

“राज्यात अकरा. सगळे चाळिशीपुढचे.”

“नाहीच दिलं तर?”

“फार तर तासभर.”

“आणि दिलं तर?”

“शुद्धीवर येईल. पण मग थांबवणं आमच्या हातात नाही.”

“घ्या,” ताई म्हणाल्या. “लेकीचं तोंड तरी पाहू दे तिला.”

ताईंचं रक्त चढलं तशी ईराने डोळे उघडले. बाळाच्या कपाळाला ओठ लावून म्हणाली, “आई, हिचे कान बाबांसारखे आहेत गं.” चादरीखाली रक्त पाण्यासारखं पातळ वाहत होतं. दुपारी ती गेली.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा ताई नातीला घेऊन बसल्या होत्या.

“हिचाही गट तोच निघाला,” ते खाली बघत म्हणाले. “नाव दात्यांच्या यादीत घालावं लागेल.”

“आज जन्मलीय ती, डॉक्टर!”

“माहीत आहे. पण या गटाचं गोठणारं रक्त आता हिच्या एकटीच्याच अंगात आहे. रत्नागिरीच्या रुग्णालयातून रक्तासाठी दोनदा फोन येऊन गेलाय.”