आजीची नाडी पहिली आली

"आजी जिंकली!" कनक ओरडली. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण नाडोबाचे हिरवे डोळे एकदम लाल झाले.

रत्नागिरीच्या एका शाळेतलं २०५८ सालचं विज्ञान प्रदर्शन. नाडोबा हा कनकने जोडलेला यंत्रमानव. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीतून (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीतून) एक लहर धावते. गळ्याशी आणि मांडीच्या सांध्याशी बोट ठेवून नाडोबा तिचा वेग मोजायचा. कनकची लहर सेकंदाला पाच मीटर धावली, खेळाच्या सरांची आठ. आणि सत्तावन्न वर्षांच्या स्नेहलआजीची, तेरा!

"काय सर, म्हातारीने हरवलं ना?" पोहण्याचे वर्ग घेणारी आजी हसली. "उद्या खाडी पोहून जाणारेय, उगाच नाही!"

"आजी, उद्या पाण्यात उतरू नका," नाडोबा म्हणाला. "ही शर्यत जिंकायची नसते."

टाळ्या थांबल्या. खेळाचा नियम कनकनेच नाडोबाच्या पाटीवर लिहिला होता: वेग जास्त, तो पहिला.

नाडोबाने दोन नळ्या पाण्याने भरल्या, एक मऊ रबराची, एक कडक प्लास्टिकची. दोन्हींच्या टोकाला त्याने टिचकी मारली. मऊ नळी जरा फुगली, धक्का तिने थोडा पोटात घेतला. कडक नळीतला धक्का मात्र झपाट्याने थेट दुसऱ्या टोकावर आदळला.

"म्हणजे आजीच्या धमन्या..." कनक आजीकडे वळली.

"ताठ झाल्यात. प्रत्येक ठोक्याचा मार हृदयाला, मेंदूला, मूत्रपिंडांना बसतोय."

त्याने रक्तदाब मोजला. १८४ आणि १०२, फारच जास्त.

"बिघडलंय तुझं खेळणं," आजी म्हणाली. त्याने पुन्हा मोजला. आकडे जवळपास तेच.

"आजी, तू रक्तदाबाची गोळी घेतेस ना?" कनकने विचारलं.

"ती सोडली की महिन्यापूर्वी! आता केतकीचे औषधाचे पट्टे कातडीला चिकटवते ना." आजीने कमरेवर हात ठेवला. "पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघायच्या. शेजारच्या केतकीला गुण आला, तिने मलाही दिले. वाफा थांबल्या. म्हटलं, रक्तदाबही गेला असेल."

कनक बघतच राहिली. दुसऱ्याचं औषध! आणि आजीने?

"रजोनिवृत्तीनंतर (पाळी कायमची थांबल्यावर) इस्ट्रोजेन हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) कमी होतं," नाडोबा म्हणाला. "धमनीची भिंत लवचीक राहायला ते मदत करत असतं. वय आणि रक्तदाब तिला आणखी ताठ करतात."

"मग पट्ट्यातून तेच मिळतं ना?" आजीने विचारलं.

"मिळतं. काहीजणींच्या धमन्या त्याने थोड्या मऊ झालेल्या दिसल्या, काहींच्या नाही. पण रक्तदाबाच्या गोळीची जागा तो घेत नाही. काहींच्या रक्तात तर या औषधांनी गुठळी होण्याचा धोका असतो. कोणाला द्यायचं, कधी, किती, हे डॉक्टर तपासून ठरवतात. केतकीकाकू नाही."

आजी ताडकन उठली. मग पिशवी उचलून म्हणाली, "चल गं. दवाखाना उघडा असेल."

डॉक्टरांनी खाडीत पोहणं थांबवलं आणि गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. पट्टा मात्र सगळ्या तपासण्या झाल्यावरच, आजीला लागेल तेवढ्याच मात्रेचा दिला.

चार महिन्यांनी नाडोबाने पुन्हा बोटं ठेवली. "सेकंदाला अकरा मीटर. रक्तदाब आटोक्यात."

"गोळीने, की पट्ट्याने?" कनकने लगेच विचारलं.

"एकट्या आजीवरून ते सांगता येत नाही. त्यासाठी खूप आज्या मोजाव्या लागतील."

"मोजीन," कनक म्हणाली. तिने नाडोबाच्या पाटीवरचा जुना नियम पुसला.

"आधी माझं बक्षीस!" आजी म्हणाली. "केवढ्या मेहनतीने हरलेय मी!"