तुझ्या जागेवर बस ना

ही घटना लिहायला राजसीनेच मला सांगितलं. नावं बदलू का, असं विचारलं तर म्हणाली, "बदलू नकोस. खोटं वाटेल."

राजसी माझी मावसबहीण. बदलापूर पूर्वेला, शिरगावात राहते. फेकाफेकी करणाऱ्यातली नाही, आणि भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. जे घडलं ते मागच्या डिसेंबरातल्या एका शनिवारी, दिवेलागणीला. रात्रसुद्धा झाली नव्हती.

जागा नेमकी कुठली ते कमेंटमध्ये विचारू नका. सांगणार नाही.

तिचा नवरा अवधूत अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. आठवडाभर केमिकलचा वास नाकात घेऊन फिरायचं आणि शनिवार आला की डोंगरात पळायचं, हा त्याचा शिरस्ता. पण हल्ली धबधबे म्हणू नका, धरणं म्हणू नका, सगळीकडे झुंबड. स्पीकर, बाटल्या, रील्स. म्हणून तो मोबाईलवर सॅटेलाइट मॅप उघडून बसायचा. घराजवळ, पण कुणीच जात नाही अशी जागा शोधायची, याचं त्याला वेडच लागलं होतं.

दिवाळीनंतर त्याला ती सापडली.

"एकदम भारी स्पॉट आहे," तो राजसीला म्हणाला. "थोडी चढण, वर छोटंसं पठार. कोणी म्हणजे कोणी नाही."

राजसी उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्याचं ऑफिस सांभाळते. तिला शनिवारी सुट्टी नसते. तंबूत झोपायची हौस तर त्याहून नाही.

"जा तू," ती म्हणाली. "विंचूबिंचू बघून झोप."

तो गेला. रविवारी परत आला तो गुणगुणतच.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेला. मग दर शनिवारी.

लग्नाला सहा वर्षं झालेली. हा माणूस घरात गुणगुणतो, हे राजसीला माहीतच नव्हतं. चेहऱ्यावर तजेला आला होता. जेवताना मध्येच स्वतःशी हसायचा. गुरुवारपासूनच शनिवारची वाट बघायचा.

कुठल्या बायकोला कळत नाही?

तिने त्याचा फोन तपासला. काही नाही. शर्टांचा वास घेतला. फक्त धुराचा वास. बॅगेचे कप्पे उलटेपालटे केले. एक केससुद्धा सापडला नाही.

काही सापडत नव्हतं, म्हणून तिचा जळफळाट आणखी वाढत होता.

आणि एका सोमवारी सकाळी, डबा घेताना, अवधूत सहज म्हणाला...

"येतो ग, मैनू."

राजसीच्या हातातली झाकणी खाली पडली.

मैनू. हे नाव आमच्या लहानपणच्या खेळातलं. मुरबाडला आमच्या धाकट्या मावशीकडे आम्ही दोघी सुट्टीत असायचो, तेव्हा ती मैनू आणि मी साळू. तिसऱ्या कुणालाही ते माहीत नव्हतं. तिच्या आईलासुद्धा नाही.

"तुला कोणी सांगितलं हे नाव?"

"कोणी म्हणजे? तूच सांगितलंस," तो बूट घालत म्हणाला. "म्हणालीस, मला असंच हाक मारत जा."

तासाभरात मला राजसीचा फोन आला. आवाज थरथरत होता, पण रडण्याने नाही.

"शनिवारी तू कुठे असतेस ग?"

"म्हणजे?"

"सरळ विचारतेय. तू जातेस ना त्याच्याबरोबर?"

माझ्या सख्ख्या मावसबहिणीने माझ्यावर संशय घेतला होता. मी शपथा घेतल्या. शेवटी शनिवारी मी शहाडला सासरीच असते, हे माझ्या नवऱ्याने फोन घेऊन सांगितलं, तेव्हा कुठे ती थोडी निवळली.

"मग कोण आहे ती?" ती म्हणाली. "तिला माझं सगळं कसं माहीत?"

त्या आठवड्यात तिने शेठकडे सुट्टी मागितली आणि शुक्रवारी जेवताना जाहीर केलं, "उद्या मी येणार तुझ्याबरोबर."

तिला वाटलं, हा दचकेल. काहीतरी कारण काढेल.

अवधूतने नुसतं वर बघितलं. "येणार म्हणजे? येतेसच की."

तिला तो टोमणा वाटला.

शनिवारी दुपारी दोघं बाईकवरून निघाली. डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथे कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात अवधूत गाडी लावायचा. कोंडाजी खाटेवर बसला होता. राजसीकडे बघून म्हणाला, "आज दोगं?"

"नेहमी दोघंच असतो की, मामा," अवधूत हसला.

"नाय ओ. तुमी एकलंच जाता. यांना मी पयल्यांदाच बगतोय."

"मामा, डोळे तपासून घ्या आता," अवधूत म्हणाला आणि चालायला लागला.

राजसीला कळेना, खोटं कोण बोलतंय. म्हातारा अवधूतला सांभाळून घेतोय की काय?

"तुमची गुरं वर चरायला नेता का?" तिने उगीच विचारलं.

"तिकडं नाय नेत."

"का?"

"नाय नेत," म्हातारा म्हणाला आणि आत निघून गेला.

चढण फार अवघड नव्हती. कारवीतून वाट, मग गवत. खाली बदलापूरचे टॉवर दिसत होते, त्यापलीकडे एमआयडीसीचा धूर. पक्ष्यांचा कलकलाट चालू होता.

पठारावर पाऊल ठेवलं आणि...

आवाज थांबला.

पक्षी नाही. किडा नाही. खालच्या उतारावर गवत वाऱ्याने लवत होतं, पण इथे एक पातं हलत नव्हतं.

अवधूत मात्र खुशीत होता. त्याने तंबू लावला, दगडांच्या चुलीत काटक्या पेटवल्या. राजसी तोवर खाली वाकून शोधत होती. क्लिप, टिकली, बांगडीचा तुकडा, काहीतरी. बाईमाणूस इथे येत असेल तर खूण राहतेच.

खूण नव्हती. पण चुलीपुढचं गवत...

दोन ठिकाणी दबलेलं होतं. शेजारी शेजारी. रोज कुणीतरी बसून बसून दाबावं तसं.

"बस ना," अवधूतने त्यातल्या एका जागेवर हात थोपटला. "तुझ्या जागेवर बस."

राजसी बसली. खालची जमीन उबदार होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

सूर्य डोंगरामागे गेला. त्याने चहा केला. तो बोलायला लागला तो थांबेचना. कंपनीतलं, बॉसचं, मनातलं, घरी कधीच न बोललेलं सगळं. राजसी ऐकत राहिली. तिला बरंही वाटत होतं, आणि आतून आगही लागत होती. हे सगळं तो इथे कुणाला सांगत होता इतके दिवस?

"तू इथे आलीस ना की किती वेगळी असतेस," तो म्हणाला. "घरी सारखी भांडतेस. इथे कधीच नाही."

"मी इथे पहिल्यांदा आलेय, अवधूत."

तो हसला. तिच्या बोलण्याला नाही. ती काही बोललीच नसावी, असा. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या किंचित डावीकडे बघत होता.

ती ताडकन उठली. "पाण्याची बाटली आणते," असं काहीतरी पुटपुटून तंबूमागे गेली. बॅग उघडायचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात मागून अवधूतचा आवाज आला. कुणाशीतरी बोलत होता.

आणि कुणीतरी उत्तर दिलं.

बाईचा आवाज. हळू. मऊ.

राजसीचाच आवाज.

"गेली का ती?"

"कोण ती?" अवधूतने विचारलं.

"आज तुझ्याबरोबर आली ती."

मग तोच आवाज, अगदी लाडात...

"तिला परत आणू नकोस."

राजसी सांगते, भीती नंतर आली. आधी संताप आला. आपला आवाज चोरून, आपलं नाव चोरून, आपल्याच नवऱ्याशी लाडात बोलतेय कोण ही? ती तशीच धावत चुलीपाशी आली.

अवधूत एकटा बसला होता. शेजारच्या रिकाम्या गवताकडे तोंड करून.

त्याने वर राजसीकडे बघितलं. मग शेजारी बघितलं. पुन्हा तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"तू... तू तर इथे..." मग डोळे बारीक करून, अनोळखी बाईला विचारावं तसं त्याने विचारलं, "तुम्ही कोण?"

तुम्ही.

राजसीने त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. तंबू, बॅगा, सगळं तिथेच टाकलं. मोबाईलच्या उजेडात ती त्याला फरफटत उतरायला लागली. तो येत होता, पण झोपेत चालल्यासारखा. वाट अर्धीही उतरली नसेल तोच मागून हाक आली...

"अवधूत... ऐक ना."

'ऐक ना' हे राजसीचं घरातलं पालुपद. दिवसातून शंभरदा म्हणते. तेच, तिच्याच आवाजात, वरून.

अवधूत थांबला. मान वळवायला लागला.

"बघू नकोस!" राजसी ओरडली. आणि मग तिला काय सुचलं कोण जाणे, ती मोठमोठ्याने बोलतच सुटली. लाइट बिल वाढलंय. गॅसचा नंबर लावायचाय. बाथरूमचा नळ दोन महिने गळतोय, तू बघतोस का? गावी सासूबाईंचा गुडघा दुखतोय, फोन केलास का? जे तोंडात येईल ते. फक्त तिचाच आवाज त्याच्या कानात पडायला हवा होता.

"अवधूत... ये ना रे..."

हाक आता जवळून आली. अगदी पाठीशी. आणि अवधूतने मनगटाला हिसडा दिला.

तिच्या हातातून ते सुटलंच. तो वळला. एक पाऊल वर गेलासुद्धा.

आणि राजसीला आठवलं, इथे आलीस की कधीच भांडत नाहीस.

"जा!" ती किंचाळली. "जा तिच्याकडे! गणपतीत माझ्या आईला चारचौघांत बोललास, आजपर्यंत माफी नाही मागितलीस! लाज वाटते का?"

अंधारात त्याचं वर जाणारं पाऊल थांबलं.

"आता हे इथे काढायची काय गरज होती?" अवधूत चिडून म्हणाला.

ती सांगते, त्या चिडक्या आवाजाइतकं गोड आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. तिने पुन्हा त्याचा हात पकडला. वाडीपर्यंत दोघं भांडत उतरली. तिने भांडण थांबूच दिलं नाही.

मागून हाक आली नाही. पण उतरणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. वाडीचा पहिला दिवा दिसेपर्यंत...

कोंडाजीने पाणी दिलं.

अवधूतला तापच भरला. ताप उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "मला खरंच वाटायचं ग, तू माझ्याबरोबर असतेस. तूच होतीस. तुझा चेहरा, तुझी साडी, सगळं." घरून आपण एकटेच निघतो, एकटेच परततो, हे त्याला कधी खटकलंच नव्हतं.

आता तो डोंगराचं नाव काढत नाही. शनिवारी घरीच असतो. नळ दुरुस्त केला, राजसीच्या आईची माफी मागितली. बघणाऱ्याला वाटेल, सगळं नीट झालं.

मलाही तसंच वाटत होतं. मागच्या रविवारी राजसी माझ्याकडे शहाडला आली होती. मी चहा टाकला. ती ओट्याला टेकून उभी होती.

"तो सगळं करतो माझ्यासाठी," ती म्हणाली. "पण बोलत नाही. तिथे जसा बोलत होता ना, तसा माझ्याशी आजवर एकदाही बोलला नाही. मी खोदून खोदून विचारते. नुसता बघतो माझ्याकडे. तुलना करत असल्यासारखा."

"अग, जीव वाचला दोघांचा. सोड ना आता."

"काय आहे ग तिच्यात?" तिने माझं ऐकलंच नव्हतं. "दिसते माझ्यासारखी. बोलते माझ्यासारखी. मग तिलाच सगळं का सांगावंसं वाटलं त्याला? मला एकदा बघायचंय तिला. समोर उभं राहून."

"वेड लागलंय का तुला?"

"या शनिवारी अवधूतला कंपनीत थांबायचंय. तेव्हा जाईन म्हणते." तिने कप उचलला, माझ्याकडे बघितलं. "तू येशील का बरोबर? नाहीतर मी एकटी जाते."

तिच्या डोळ्यांत भीतीचा लवलेश नव्हता. नुसता मत्सर होता.

मी अजून तिला हो किंवा नाही कळवलेलं नाही. सकाळपासून तिचे फोन येतायत, मी उचलत नाहीये.

आज शुक्रवार आहे.