ओढ्यातली टेस्ट ड्राइव्ह

क्रांती चौकात पावसाची सर कोसळली आणि एक उंच, सावळा तरुण शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरला. कोणती गाडी बघायचीय, असं तिथं गाड्या विकणाऱ्या मंजुषानं विचारलं, तसा तो क्षणभर गडबडला.

"गाडी... व्हय, गाडीच बघायचीय."

त्याचं नाव विश्वजीत. कन्नड गावाच्या अलीकडं त्याची अद्रकीची शेती होती. मंजुषानं त्याला ऑल व्हील ड्राइव्ह गाडी दाखवली. कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा ते ही गाडी आपलं आपण ठरवते, ओल्या डांबरीवर आणि घाटात तिच्यासारखी दुसरी नाही, असं ती सांगत गेली. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत मात्र दांडा आपण टाकायचा. मग पुढची-मागची चाकं सारखी फिरतात, आणि चिखलातून निघायला एक जादा ताकदीचा गिअरही असतो. फक्त कोरड्या डांबरीवर तो दांडा टाकून गाडी वळवायची नाही.

तो मान डोलवत होता, पण नजर गाडीवर नव्हती...

पुढच्या दोन आठवड्यांत तो आणखी दोनदा आला आणि तेच विचारत बसला. हे आधी सांगितलंय, असं तिनं हसू दाबत म्हटलं.

"तुम्ही सांगितलं की नवीनच वाटतं," तो म्हणाला.

चौथ्यांदा त्यानं शेतरस्त्यावर गाडी चालवून बघायची इच्छा सांगितली. साहेबांची परवानगी घेऊन मंजुषा स्वतः गाडी घेऊन निघाली. दुपारी दोघं त्याच्या शेताशी पोचली. मधे ओढा होता, घोटाभर पाण्याचा. पलीकडं त्याचं घर दिसत होतं.

"इथंच थांबू," विश्वजीत हळूच म्हणाला.

त्याला गाडीवर भरवसा नाही, असं वाटून मंजुषा डिवचली गेली. तिनं गाडी उतारावरून खाली घातली.

मधोमध आल्यावर काळ्या गाळात मागची चाकं रुतली. ती फिरली की गाडी जोर पुढच्या चाकांना द्यायची, मग तीही फिरायची... गाडी जागची हलेना. आणि तेवढ्यात वरच्या अंगाला पाण्याचा आवाज बदलला. डोंगरात पाऊस झाला होता. गढूळ पाणी बघता बघता दाराच्या खालच्या कडेला लागलं.

 विश्वजीतनं घरी फोन लावला, दोनच शब्द बोलला, खाली उतरला आणि मंजुषाच्या बाजूचं दार उघडून तिच्या कमरेला हात दिला. गुडघाभर पाण्यातून त्यानं तिला अलीकडच्या काठावर आणलं, आणि गाडीतला दोर काढून बांधायला पुन्हा पाण्यात उतरला. ती काठावर उभी राहून त्याच्याकडं बघत होती. गाडीचं काय होईल, हे तिच्या मनातही आलं नाही. त्याचा पाय निसटला तर — एवढंच.

पलीकडून एक जुनी जीप खाली उतरली. चालवत होते त्याचे वडील, काकासाहेब. त्यांनी दांडा टाकला, जीप गुरगुरत, इंचाइंचानं मागं सरकली, आणि गाडी गाळातून सुटून त्यांच्या काठाला लागली. मग मंजुषालाही ते जीपमधून पलीकडं घेऊन आले.

"घरी फोर बाय फोर जीप उभी असताना ही कशापायी घातली रं पाण्यात?" काकासाहेब म्हणाले आणि दोर सोडवायला गेले.

मंजुषा विश्वजीतकडं वळली. "तुमच्याकडं ही जीप आहे?"

"लहानपणापासून चालवतो." तो खाली बघत होता. "त्या दिवशी मी नुसता पाऊस चुकवायला शिरलो होतो. मग तुम्ही बोलायला लागला..."

"इथं गाडी रुतेल, हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं. ठासून सांगितलं असतं तर यातलं मला आधीच कळतं हे दिसलं असतं, गाडी घ्यायचं खोटं उघडं पडलं असतं. पाणी वाढंल असं नव्हतं वाटलं." त्यानं तिच्याकडं बघितलं. "तुम्हाला काय झालं असतं तर मी... मला तुम्ही आवडता, मंजुषा. पण माफी नाय मागणार. तोंडच नाय मला."

तिला रडू आलं, रागही आला. ती ओट्यावर जाऊन बसली. त्याच्या आईनं, आशाबाईंनी, चहा दिला, कोरडा टॉवेल दिला. पाणी ओसरेपर्यंत तासभर तो समोरच्या लिंबाखाली उभा होता, भिजल्या कपड्यांत. जवळ आला नाही.

मग काकासाहेबांनी जीपला दोर लावून गाडी ओढ्यापार रस्त्याच्या बाजूला काढून दिली, आणि विश्वजीतनं दोर सोडवला. निघताना तिनं काच खाली केली.

"शोरूममध्ये परत यायचं नाही."

त्यानं मान हलवली.

"आमचं घर हर्सूलला आहे, तलावाच्या अंगाला." तिनं गाडी चालू केली. "रविवारी ये. बाबांना खरं सांग. सगळं."

रस्त्याला लागेपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही, की आपण त्याला 'ये' म्हणालो.